कंसाची स्मरणशक्ती

जन्मतारखांची एक लांबलचक यादी संगणकावर आहे. तीत आधी वर्ष, मग महिना व शेवटी दिवस अशी मांडणी आहे. ती उलटवून दिवस प्रथम आणावयाचा आहे. एका शब्दाच्या जागी दुसरा घालणे संपादक-प्रणालीला सहज साधते; परंतु येथे प्रत्येक ओळीतील आकडे निराळे. सारखी आहे ती केवळ त्यांची ठेवण.

अशी ठेवण चिन्हांनी सांगण्याच्या पद्धतीस रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. गणिती स्टीफन क्लेनी यांच्या १९५६ सालच्या निबंधाने तिचा पाया घातला. १९६८ साली केन टॉमसन यांनी मजकुराच्या शोधासाठी तिचा उपयोग कसा करावा हे दाखविले. युनिक्सवरील 'एड' या संपादकातही ती आली.

चार अंक, रेघ, दोन अंक, रेघ, दोन अंक असा नमुना लिहून अंकांचे तिन्ही पुंजके निरनिराळ्या कंसांत घालावयाचे. हेच कॅप्चर ग्रुप होत. कंसात जे सापडेल ते यंत्र लक्षात ठेवते आणि उघडणारे कंस डावीकडून मोजून गटांना क्रमांक देते. मग बदलाच्या जागी 'तिसरा, दुसरा, पहिला' एवढेच सांगितले की १९६०-०५-०१ चे ०१-०५-१९६० होते. ही आज्ञा स्क्रिप्टमध्ये नोंदवून ठेवली म्हणजे हजारो ओळींचे काम एका दमात उरकते.

मात्र यंत्र ठेवण ओळखते, अर्थ नव्हे. कोणी १९६०-३१-०५ असे लिहिले असले तरी ते निमूटपणे उलटविले जाईल. 'विम' या संपादकात बदलाच्या जागी सूत्र लिहिता येते. दुसरा गट १२ हून मोठा असल्यास ओळ तशीच ठेवावी, अशी अट त्यात घालता येते. परंतु ०२ व ०३ यांची अदलाबदल झाली असेल, तर ती कोणत्याही सूत्राला उमगत नाही.

मराठी मजकुरात आणखी एक मेख आहे. विममधील अंकदर्शक चिन्ह केवळ इंग्रजी आकडे ओळखते. देवनागरी आकड्यांच्या ओळी मुकाट्याने मागे राहतात. त्यांसाठी शून्यापासून नवापर्यंतची देवनागरी कक्षा चौकटी कंसात स्वतंत्रपणे लिहावी लागते.

जन्मतारखेवर शाळेतील प्रवेश आणि निवृत्तिवेतन अवलंबून असते. म्हणून मूळ यादीची प्रत राखावी, बदललेल्या ओळी मोजाव्या आणि न बदललेल्या नजरेखालून घालाव्या. शंका आलीच, तर मूळ दाखला पाहावा. कंस आकडे लक्षात ठेवतो; ते खरे आहेत की नाहीत, हे पाहण्याचे काम माणसाकडेच राहते.