फिट आहे, पण कशासाठी?



 रुग्णालयीन समाजकार्याच्या वर्षभरातल्या घडामोडींचा आढावा मी अध्यक्ष म्हणून घ्यावा, अशी संयोजकांची इच्छा होती. तो स्मरणिकेत छापला आहे, सवडीने वाचा. मला आज एकाच कागदाविषयी बोलायचं आहे, आणि तो कागद म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट. त्याच्याशी माझं जुनं भांडण आहे आणि माइक आज माझ्या हातात आहे.

भोसरीतल्या एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर एका कामगाराची उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची. उपचार चांगले झाले. ईएसआयचा विमा लागू असल्यामुळे घरी होता तोवर सरासरी रोजाच्या ९० टक्के भत्ता मिळाला. एका हाताची दोन बोटं म्हणजे कमाईच्या क्षमतेत २० टक्के घट, असं कायद्याचं परिशिष्ट सांगतं. वैद्यकीय मंडळाने तेच लिहिलं. डॉक्टरांनी शेरा मारला, ‘फिट, हलके काम द्यावे’. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं.

पहिल्या दिवशी सकाळच्या शिफ्टला हा गेटवर पोचला, तर हजेरीचं यंत्र त्याला आत घेईना. यंत्रात नोंदवलेलं बोट प्रेसखाली गेलं होतं! मागे रांग खोळंबलेली, वॉचमन म्हणतोय, “नीट लाव, पुन्हा लाव.” हात खिशातून काढायला आधीच लाजणारा माणूस तो. शेवटी रजिस्टरवर डाव्या हाताने वाकडीतिकडी सही करून आत गेला. आत हलकं काम म्हणून पॅकिंगला उभा केला. पॅकिंग हलकं, हा शोध कुणाचा? खोक्याची पट्टी आवळायला जी चिमटी लागते, नेमकी तीच त्याच्याकडे उरली नव्हती. आठवडाभरात त्याचं येणं बंद झालं. दप्तरी नोंद पडली, ‘स्वतःहून काम सोडले’.

त्याच्या बायकोने मला गाठलं म्हणून मी कारखान्यात गेलो. फोरमनबरोबर शॉप फ्लोअरवर दोन फेऱ्या मारल्या. गेज लावून माल तपासण्याचं एक टेबल होतं. ते फिरवून डाव्या हाताला सोयीचं केलं, सुरुवातीला अर्धी शिफ्ट ठरवली आणि हजेरीला डावा अंगठा नोंदवला. खर्च विचाराल, तर टेबल हलवणाऱ्या दोन हेल्परांचा चहा.

केस मॅनेजमेंट म्हणतात ते हेच. पहिल्या ड्रेसिंगपासून माणूस कामावर रुळेपर्यंत डॉक्टर, विमा, मालक आणि घर या चौघांशी बोलणारा एक जबाबदार माणूस. मलेशियाच्या सामाजिक सुरक्षा संस्थेने २००७ मध्ये असे केस मॅनेजर नेमून कार्यक्रम सुरू केला. जर्मनीत २००४ पासून, वर्षभरात सहा आठवड्यांहून जास्त आजारपण झालं, की परतण्याबद्दल बोलणी करायची तयारी मालकाला दाखवावीच लागते. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला सांभाळून घ्यायला सांगतं, पण फक्त सरकारी आस्थापनांना. ईएसआय कायद्याचं कलम ७३ भत्ता चालू असेपर्यंत कामावरून काढू देत नव्हतं. भत्ता थांबला, की कामगार आणि त्याचं नशीब. कंत्राटी असेल तर ठेकेदार फोनसुद्धा उचलत नाही.

सकाळच्या सत्रात दीड तास वाद झाला. केस मॅनेजर कारखान्याच्या पगारावर असावा, विम्याच्या की रुग्णालयाच्या? त्या फोरमनने मला पगार कोण देतं हे विचारलंच नाही. त्याने विचारलं, “साहेब, हा सोमवारपासून नक्की येईल ना? मला माणूस कमी पडतोय.” पगार कुणीही द्या हो. कारखान्यात पाय ठेवायची मुभा आणि डॉक्टरांना उलट विचारायची हिंमत एवढं केस मॅनेजरकडे असू द्या. ‘हलकं काम’ म्हणजे किती किलो, किती तास, कुठल्या हाताने? हे विचारल्यावर माझ्यावर डाफरलेले डॉक्टर अजून आठवतात. आमच्या पिढीत तो प्रश्न विचारणं उद्धटपणा समजत. गेटच्या आत गेलेले समाजसेवकही तेव्हा थोडेच होते. आज तुम्ही सभागृहभर आहात आणि गेटच्या आत जाणारे तेवढेच आहेत, याचं वाईट वाटतं.

तर कागद बदलायचा आहे. फिट-अनफिटऐवजी हात काय करू शकतो ते लिहिणारा, मराठीतला, एका पानाचा नमुना करायचा. ईएसआयकडे तो कसा न्यायचा, कुणामार्फत, ते पुढे ठरवू. मसुद्यासाठी छोटी समिती नेमतो आहोत, नावं जेवणानंतर घेऊ. ज्यांना कारखान्यात जायला वेळ नसतो, त्यांनी कृपया देऊ नयेत.