इशारा पातळी ओळखा



पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की कोल्हापूरकर सकाळी उठल्याउठल्या चौकशी करतो ती राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीची. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. २०१९ आणि २०२१चा महापूर पाहिलेल्या पोरासोरांनाही हे आकडे पाठ आहेत. ३९ फुटाला पाणी उंबऱ्यात आलेलं नसतं, तरी शहाणा माणूस तेव्हाच गोठा रिकामा करतो. गेली अनेक वर्षं प्रसाविका म्हणून काम करताना मला वाटत आलंय, की घरातल्या गरोदर लेकी-सुनेचे आकडेही घरच्यांना असेच पाठ असावेत.

पहिला आकडा रक्तदाबाचा. वरचा १४० किंवा खालचा ९० झाला की ती इशारा पातळी. वरचा १६० किंवा खालचा ११० ही धोका पातळी. तिथं तासाभराचाही उशीर नको. अडचण अशी, की दाब वाढला तरी बाईला बरेचदा काहीच जाणवत नाही. ती भाकऱ्या थापत असते, धारा काढत असते. म्हणून "मला काही होत नाही" या शब्दावर विसंबू नका, दाब मोजून घ्या. मागच्या खेपेला दाब वाढला असेल, तर दिवस गेल्यावर तीन महिन्यांच्या आतच डॉक्टरांना सांगा. अशा बाईला ते अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू करू शकतात; ती आपल्या मनानं मात्र घ्यायची नाही.

दुसरा आकडा रक्ताचा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. अशा बाईला बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी सोसत नाही. आपल्या भागात गुळाला तोटा नाही, आणि "गूळ-शेंगदाणे खा, रक्त वाढेल" हा सल्लाही घरोघरी मिळतो. गूळ-शेंगदाणे जरूर खा, पण लोहाच्या गोळीची जागा ते घेऊ शकत नाहीत. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून लांब, वेगळ्या वेळेला.

तिसरा साखरेचा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासतात. १४० किंवा त्याहून जास्त आली तर आहार आणि औषध ठरवावं लागतं.

याशिवाय आधीचं सिझर, जुळं, बाळ आडवं असणं, हृदयविकार, निगेटिव्ह रक्तगट, फार लहान किंवा जास्त वय, आधी पोटात बाळ दगावलेलं असणं, यांतलं काहीही असेल तर तपासणीच्या कार्डावर "जोखमीची माता" असं लिहिलं जातं. तो शब्द ऐकून घर हादरतं. काही बायकांना तर आपलाच काही गुन्हा झाला असं वाटतं. बायांनो, तो शिक्का नाही. तुमच्याकडे जास्त लक्ष द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ.

अशी बाई मोठ्या डॉक्टरांकडे गेली की प्रसाविकेचं काम संपलं, असा एक समज आहे. माझा अनुभव उलट आहे. औषध, ऑपरेशन, रक्त चढवणं यांचा निर्णय डॉक्टरांचा, आणि तो त्यांचाच असावा. पण "गोळ्या घेतेस का?" असं विचारलं की प्रत्येक बाई "हो" म्हणते. "शी काळी होते का गं?" असं विचारलं की खरं कळतं, कारण लोहाच्या गोळीनं शी काळी होते. मग हळूहळू बाहेर येतं, की गोळीनं मळमळतं, की घरात सगळ्यांचं झाल्यावर ती उरलंसुरलं जेवते. हे ऐकायला ओळखीचं माणूस लागतं. २०१८ साली केंद्र सरकारनं प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यासाठी परिचारिकांना १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण ठरवलं. जोखमीच्या मातेला डॉक्टर आणि प्रसाविका, दोघांचीही गरज असते.

बायकांच्या उपचारासाठी त्यांना आपलं वाटेल असं माणूस हवं, हे कोल्हापूरला फार पूर्वी कळलं होतं. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून शिकून आल्या, तेव्हा कोल्हापूर संस्थानानं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्रीकक्षाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं, आणि त्यांनी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावर. कामावर रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ला, त्या गेल्या. तो कक्ष त्यांची वाटच पाहत राहिला. आज आशाताई आणि आरोग्यसेविका स्वतः तुमच्या दारात येतात. त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवू नका.

आता घरच्यांसाठी चार गोष्टी. पहिली गोष्ट म्हणजे, पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. लेक चंदगडहून शिरोळला आली आणि कार्ड सासरीच राहिलं, तर नवीन डॉक्टरांना मागचं काही कळत नाही. ओटीच्या आधी पिशवीत कार्ड आणि सगळे रिपोर्ट घाला. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, तिथं लगेच दाखवा.

दुसरं, तारीख जुलै-ऑगस्टची असेल आणि गावाचा रस्ता पुरात बुडत असेल, तर पाणी चढण्याआधीच तिला दवाखान्याजवळच्या नातलगांकडे ठेवा.

तिसरं, तुमच्या शेतात ऊसतोडीची टोळी आली असेल आणि त्यात पोटुशी बाई असेल, तर तिला उपकेंद्राचा रस्ता दाखवा. इथं तिचं माहेर नाही.

चौथं, ही लक्षणं ध्यानात ठेवा. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडावर सूज, बरगडीखाली दुखणं, झटके, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ताप, बाळाची हालचाल कमी होणं. यांतलं एकही दिसलं तर रात्र आहे, पाहुणे आहेत, अमावस्या आहे, असं काही म्हणायचं नाही. १०८ किंवा १०२ नंबर लावायचा.

आणि बाळ झालं म्हणजे धोका टळला, असं समजू नका. पहिल्या चोवीस तासांत रक्तस्राव होऊ शकतो आणि दाब बाळंतपणानंतरही वाढू शकतो. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात, वैद्यकशास्त्रही सहा आठवडे म्हणतं. शेक-शेगडीबरोबर तिचा दाबही मोजून घ्या.

आज रात्री जेवणं झाली की घरातल्या गरोदर बाईचं कार्ड मागून घ्या. सासूबाई, तुम्ही; दादा, तुम्हीसुद्धा. शेवटचा दाब किती, हिमोग्लोबिन किती, ते मोठ्यानं वाचा. आणि तिला विचारा, "आज जेवलीस का, आणि कधी?"