संघटना सोडण्याचा अधिकार



हिंगोली, वसमत आणि कळमनुरी येथील एस.टी. आगारांत जो प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, तोच आज उघडपणे घेऊ. संघटनेचे सभासदत्व सोडले तर नोकरी जाईल काय? उत्तर सरळ आहे : नाही. नोकरी महामंडळाची आहे, संघटनेची नव्हे. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने संघटनेत सामील होण्यावरून मालकाने धमकावणे ही जशी अनुचित प्रथा ठरविली, तशीच सभासदत्वासाठी संघटनेने केलेली बळजबरीही. वर्गणी पगारातून कापावयाची तर कामगाराची लेखी संमती लागते. ती मागे घ्यावयाची तर लेखीच घ्यावी.

सोडून गेलेल्यालाही कराराची वेतनवाढ मिळते, म्हणून आपले कार्यकर्ते त्याला फुकट्या म्हणतात. राग समजण्यासारखा आहे. परंतु धाकाने धरून ठेवलेला सभासद संपाच्या दिवशी काय कामाचा?

खरी अडचण निराळीच आहे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईचे सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे त्यांनी पाठ फिरविली होती. तरीही 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये प्रतिनिधी संघटना तीच राहिली, आणि तिने केलेला करार सर्वांवर बंधनकारक! माणसे गेली, मुखत्यारपत्र मात्र मागेच राहिले.

एस.टी.मध्ये याच्या उलट घडले. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस संघटनांच्या कृती समितीने आंदोलन मागे घेतले. कामगारांनी संघटनांना बाजूला सारून विलीनीकरणासाठी संप चालूच ठेवला. बडतर्फी व निलंबने झाली, ती कामावर न आल्याबद्दल, सभासदत्व सोडल्याबद्दल नव्हे. पण वाटाघाटीस बसावयाचे कोणी? अखेर 7 एप्रिल 2022 रोजी उच्च न्यायालयाने 22 एप्रिलपर्यंत रुजू होण्यास सांगितले. विलीनीकरण झाले नाही.

म्हणून सोडण्याच्या अधिकाराला निवडण्याच्या अधिकाराची जोड हवी. कोणती संघटना आपल्या वतीने बोलणार, हे सभासदांच्या नोंदवहीने नव्हे, तर ठरावीक मुदतीने होणाऱ्या गुप्त मतदानाने ठरावे. हा आग्रह आपण आपल्या विचाराच्या संघटनांतही धरला पाहिजे. काही ठिकाणी त्यात आपला पराभव होईल. तो मान्य करण्याची तयारी असेल, तरच आगाराच्या दारात उभे राहून हा विषय मांडावा.