बाळ का झोपत नाही?

शेजारचं बाळ रात्रभर झोपतं आणि आपलं दर दोन तासांनी उठतं, यात आईचं काही चुकतंच असं नाही. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून मुलांचे स्वभाव वर्षानुवर्षं अभ्यासले. झोपेची-भुकेची वेळ नेमाची असणं वा नसणं हा त्यांना स्वभावाचाच भाग दिसला, अगदी तान्हेपणापासून. अशी वेळ नेमाची नसणं हे ज्याचं एक लक्षण, त्या ‘अवघड’ गटात सुमारे १० टक्के मुलं होती.

पण जागरणानं आईबाबाही थकतात, धास्तावतात. मग बाळ जरा चुळबुळलं की लगेच उचलतात. खरं तर तान्ह्यांचं झोपेचं चक्र साधारण ५० मिनिटांचं. मधे कुरकुरून ती पुन्हा झोपूही शकतात. म्हणून क्षणभर थांबून बघा. रात्रीची एक पाळी बाबांनी घ्यावी. सल्ले देणाऱ्या पाहुण्यांनीही घ्यायला हरकत नाही.