इंदूरचे खत

माळव्यात कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात उरतात त्या पऱ्हाट्या. जनावर त्यांना तोंड लावीत नाही आणि नांगराला त्यांची अडचण होते. शेतकरी त्या उपटतो, भारे बांधतो आणि चुलीपाशी रचून ठेवतो. विदर्भात व खानदेशातही पिढ्यानुपिढ्या हेच चालत आले आहे. गोठ्यातील शेणाची गतही फारशी निराळी नाही. पावसाळ्याचे चार महिने ते उकिरड्यावर पडते आणि उरलेले आठ महिने गोवऱ्या होऊन जळते. जमिनीतून दरसाल काही निघते आणि परत फारसे काही जात नाही, असा हा व्यवहार आहे. कोणत्याही वाण्याने असे खाते फार दिवस चालू दिले नसते.

१९२४ साली इंदूर येथे वनस्पतिसंशोधनाची एक संस्था निघाली. होळकर सरकारने तिला जमीन दिली व मध्यवर्ती कापूस समितीने पैसा पुरविला. संस्थेचे प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ पासून बिहारमधील पुसा येथे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही त्याच शास्त्रातील अधिकारी विदुषी होत्या. या दांपत्याने निवडलेल्या ‘पुसा ४’ व ‘पुसा १२’ या गव्हाच्या जाती उत्तर हिंदुस्थानात लोकप्रिय झाल्या होत्या. परंतु उत्तम बी निकस जमिनीत पडले तर ते आपला गुण दाखवू शकत नाही, हेही त्यांनी तेथेच पाहिले. शिवाय सरकारी शेतीखात्यात बियाण्याचा तज्ज्ञ एक, मातीचा दुसरा, किडीचा तिसरा. आणि शेत मात्र एकच! ही वाटणी हॉवर्ड यांना मानवली नाही. पिकाला मुळापासून शेंड्यापर्यंत एकत्र पाहता यावे, म्हणून ते इंदूरला आले.

कापसाच्या संशोधनासाठी आलेल्या या माणसाचे लक्ष पऱ्हाट्यांवर खिळले. त्या जाळू नयेत हे खरे. पण मग त्यांचे करावयाचे काय? नांगरून जमिनीतच गाडून टाकाव्यात, असे कोणासही सुचेल. येथेच रसायनशास्त्राची गरज लागते. वाळलेल्या काडीत कर्ब पुष्कळ व नत्र अगदी थोडे असते. ती कुजविणारे सूक्ष्म जंतू कर्बावर ताव मारतात. परंतु स्वतःची वाढ करण्यासाठी त्यांना नत्रही हवे असते. काडीत ते पुरेसे मिळत नाही, म्हणून ते जमिनीतील नत्र उचलतात. परिणामी शेजारचे पीक उपाशी राहते आणि पिवळे पडते. खत घातले म्हणून शेतकरी समाधानाने बसावा आणि पिकाने मान टाकावी, असा हा प्रकार होतो.

तेव्हा कुजण्याचे काम शेताबाहेर पुरे झाले पाहिजे आणि त्या वेळी जंतूंना नत्राचा पुरवठा अन्यत्रून झाला पाहिजे. तो पुरवठा गोठ्यात होता. एका बाजूस शेण आणि दुसऱ्या बाजूस आजवर मातीत मुरून वाया जाणारे गोमूत्र. या कामात हॉवर्ड यांना संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड यांची साथ लाभली. मिश्रणाच्या आरंभी कर्ब व नत्र यांचे प्रमाण सुमारे ३३ : १ असावे आणि कुजणे पुरे झाल्यावर ते १० : १ च्या आसपास यावे, हे या पद्धतीचे गमक ठरले. १९३१ साली या प्रयोगांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यावर हॉवर्ड व वाड अशी दोघांची नावे आहेत. पुढे जगभर गाजले ते एकच नाव. शास्त्राच्या इतिहासात सहकाऱ्यांच्या वाट्याला हे बहुधा येतेच.

प्रत्यक्ष कृती कोणाही शेतकऱ्यास जमेल अशी होती. टणक पऱ्हाट्या प्रथम रस्त्यावर पसरावयाच्या, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप ठेचल्या जातात. मग तण, पालापाचोळा, तुरीच्या काड्या यांच्यासह त्या बैलांखाली अंथरावयाच्या. मूत्राने भिजलेले हे अंथरूण ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि अवघ्या २ फूट खोल खड्ड्यात थराथराने भरीत जावयाचे. त्यात शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती, थोडी राख आणि पाणी घालावयाचे. खड्डा याहून खोल केला तर तळापर्यंत हवा पोचत नाही. जुन्या खड्ड्यातील अर्धवट कुजलेले थोडे खत नव्यात घालीत, ते दुधाला विरजण लावावे तसे.

थोड्याच दिवसांत खड्डा तापू लागतो. हात घालवणार नाही इतकी ही उष्णता वाढते आणि तणाचे बी व माशांच्या अळ्या तिच्यात मरून जातात. आरंभी बुरशी काम करते, मागाहून जीवाणू. सुमारे दोन आठवड्यांनी एकदा, महिन्याने दुसऱ्यांदा आणि दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा सर्व माल उलथापालथ करावयाचा. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास असलेले खत तयार होते. दुर्गंधी येऊ लागली तर हवा कोंडली असे समजावे. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरतात, म्हणून त्या दिवसांत जमिनीवरच ढीग रचीत.

यात सर्वस्वी नवे असे किती होते? चीनमधील शेतकरी शतकानुशतके सर्व टाकाऊ पदार्थ कुजवून शेतात घालीत आले होते आणि १९११ साली प्रसिद्ध झालेल्या किंग या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या पुस्तकातून हॉवर्ड यांनी ते जाणले होते. हिंदी शेतकऱ्यालाही ते आपला गुरू म्हणवीत. जुन्या वहिवाटीमागील नियम शोधून तिला हमखास यश देणे, हे इंदूरचे कार्य.

गॅब्रिएल १९३० साली निवर्तल्या आणि पुढल्याच वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले. आफ्रिकेतील कॉफीच्या आणि आशियातील चहाच्या मळ्यांनी ही पद्धत उचलली. १९३५ साली इंदूरला गेलेल्या गांधीजींनीही ही संस्था पाहिली. माळव्याच्या सामान्य शेतकऱ्याने मात्र ती फारशी आपलीशी केली नाही. त्याला अडाणी ठरविणे सोपे आहे. मळेवाल्याजवळ मजूर होते. या शेतकऱ्याने तीनतीनदा खड्डा उलथावा केव्हा? आणि पऱ्हाट्या व शेण खड्ड्यात गेल्यावर घरधनिणीने चुलीत काय घालावे? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इंदूरच्या प्रयोगशाळेत नव्हते.

उत्तरायुष्यात हॉवर्ड यांनी रासायनिक खतांविरुद्ध मोहीमच उघडली. ह्यूमसयुक्त जमिनीतील पिकाला रोग जवळजवळ शिवत नाही, असे ते म्हणत. इतके सरसकट विधान प्रयोगांच्या कसोटीवर टिकत नाही. कंपोस्टमध्ये नत्र शेकडा एकाच्या आसपास असते. १९६० नंतरच्या दशकात आलेल्या बुटक्या गव्हाची भूक केवळ त्यावर भागली नसती, आणि त्या गव्हाने देशावरील अन्नसंकट दूर सारले हे विसरता येत नाही. परंतु युरियाच्या पोत्यात ह्यूमसचा कणही नसतो. जमिनीत ओल धरून ठेवणे व तिची घडण राखणे हे काम ते पोते करू शकत नाही. एकाच्या कैवारासाठी दुसऱ्याला हद्दपार करण्याचे कारण नाही.

उलथण्याच्या कष्टावर इतरांनी तोड काढली. बंगळूर येथे आचार्य यांनी १९३९ साली शहरातील केरकचरा व मैला चरांत भरून, न उलथता कुजविण्याची पद्धत बसविली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे गांधीविचाराचे कार्यकर्ते नारायण पांढरीपांडे यांनी तर खड्ड्याऐवजी जमिनीवर विटांचे टाके बांधले. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच आणि भिंतींना चहूकडून भोके. हवा त्या भोकांतून खेळते, म्हणून उलथणे नको. शेण लागते ते सुमारे १०० किलो, बाकी सारा काडीकचरा आणि माती. त्यांच्या नावावरून ही पद्धत ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. आणि चुलीच्या प्रश्नाला गोबर गॅसने निदान गुरे बाळगणाऱ्या घरापुरते उत्तर दिले, कारण त्यात शेणातील ज्वलनशील वायू चुलीला मिळतो आणि नत्र रबडीत शिल्लक राहते.

पऱ्हाट्यांचा प्रश्न मात्र अलीकडे पुन्हा उभा राहिला आहे, आणि तो किडीच्या वाटेने. २०१५ नंतरच्या काही वर्षांत गुलाबी बोंडअळी बीटी कापसावरही उठली. वेचणीनंतर झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत तिच्या अळ्या सुप्त पडून राहतात आणि घराशेजारी रचलेल्या गंजीतून पुढल्या हंगामात शेतावर येतात. म्हणून शेतीतज्ज्ञ आता सांगतात की पऱ्हाट्या साठवून ठेवू नका. त्या वेळीच उपटा, बारीक करा आणि कुजवा.