बशीत वाढवलेला मज्जारज्जू



कुणी झाडावरून पडतं, कुणाला गाडीचा अपघात होतो. कण्याला मार बसून कमरेखालचं अंग लुळं पडतं. मग कुणी सांगतं, "मूळपेशींचं इंजेक्शन घ्या, पैसे लागतील, पण पाय चालतील." शेत विकायला काढण्याआधी आजची माहिती ऐका.

मणक्यांच्या आतून बोटाएवढा जाड, मऊ दोर जातो. तो मज्जारज्जू. मेंदूचा निरोप हातापायांना तोच पोचवतो. मोडलेलं हाड जुळतं, पण मज्जारज्जूचे तुटलेले तंतू सहसा जुळत नाहीत. जखमेवर व्रण धरतो आणि नव्या तंतूंची वाट अडते.

यावर औषध शोधायचं कसं? उंदराला लागू पडलेलं औषध माणसाला लागू पडेलच असं नाही. मग मधली पायरी निघाली. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००७ साली माणसाच्या त्वचेच्या पेशींपासून मूळपेशींसारख्या पेशी तयार केल्या. तशा पेशींपासून प्रयोगशाळेतल्या बशीत मज्जारज्जूचा काही मिलिमीटरचा तुकडा वाढवता येतो. त्याला महिनोन्‌महिने लागतात.

अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सॅम्युअल स्टप यांच्या गटाने असे तुकडे कापून आणि चेचून पाहिले. शरीरात होतं तसंच झालं, पेशी मेल्या आणि व्रण धरला. मग औषध लावलं, तेव्हा व्रण कमी झाला, तंतू वाढले. याच गटाच्या औषधाने २०२१ साली लुळे उंदीर चालू लागले होते.

पण या तुकड्याला रक्तपुरवठा नाही, पाय नाहीत. तो चालून दाखवू शकत नाही. माणसांवरची चाचणी पार पडल्याशिवाय ते औषध होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे अशा दुखापतीवर मूळपेशी फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. कुणी पैसे मागितले, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा.

आपल्या हातात आज काय आहे? पडलेल्या माणसाला हातपाय धरून उचलू नका. मान-पाठ हलू न देता १०८ ला फोन करा. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला, पाठ-टाचा रोज बघा, म्हणजे जखमा होणार नाहीत. आणि हे काम एकाच बाईच्या अंगावर टाकू नका, घरात वाटून घ्या.