सायकलीवरून जहागिरीची परिक्रमा



मल्लेश्वरममधील काडु मल्लेश्वराच्या देवळाशी बंगळूरकर मराठी माणसाचे नाते जुने आहे. कन्नडमध्ये ‘काडु’ म्हणजे रान. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी या रानातल्या देवाला एक गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख प्रसिद्ध आहे. १६३८ मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या मोहिमेत बंगळूर घेतले गेले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरा ही नावे त्याच जहागिरीतली. शाळेत ती एका ओळीत पाठ होतात. त्यांच्यामधली जमीन मात्र अनोळखीच राहते. ती ओळखीची व्हावी, यासाठी माजी विद्यार्थ्यांनी सायकलीवरून एक परिक्रमा आखावी, असा आजचा प्रस्ताव आहे.

मार्ग असा : मल्लेश्वरम, होसकोटे, कोलार, चिंतामणी, चिक्कबळ्ळापूर, नंदी, दोड्डबळ्ळापूर, येलहंका आणि पुन्हा मल्लेश्वरम. अंतर सुमारे २१५ किलोमीटर. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीत ‘ब्रेव्हे’ नावाची परंपरा आहे. तिच्यात स्पर्धा नसते, ठरावीक वेळेत अंतर पुरे करायचे असते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. आपली परिक्रमा त्याच तोलामोलाची आहे.

पहिला प्रश्न दिशेचा. दोड्डबळ्ळापूरकडून निघाल्यास परतीची संध्याकाळ होसकोट्याहून येणाऱ्या जुन्या मद्रास रस्त्यावरच्या गर्दीत जाते. उलट पहाटे पाचला होसकोट्याकडे निघाल्यास तोच रस्ता मोकळा मिळतो. शिवाय हिवाळ्यात या पठारावर वारा बहुतेक पूर्वेकडून वाहतो. पाय ताजे असताना, सकाळी, त्याला तोंड द्यावे. दुपारी थकल्यावर तोच पाठीशी येतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. ताशी २० किलोमीटरची चाल धरली, तर ७५ किलोमीटरवरचे कोलार पावणेनऊला येते. तिथे अर्धा तास न्याहारी. चिंतामणीला वीस मिनिटे थांबून पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे धरता एकच्या सुमारास चिक्कबळ्ळापूर. तिथे पाऊण तास जेवण. नंदी गावातल्या भोगनंदीश्वराच्या देवळाला अर्धा तास दिला आणि दोड्डबळ्ळापूरला दहा मिनिटे पाय मोकळे केले, की सहाच्या सुमारास मल्लेश्वरम. विश्रांती एकूण सव्वादोन तास. फेब्रुवारीत सूर्य सव्वासहानंतर मावळतो. म्हणजे हाताशी उरतो जेमतेम पाव तास. दोन पंक्चर झाली, की तो संपला.

म्हणूनच नंदीदुर्गाचा घाट या आखणीत नाही. नंदीच्या पायथ्याशी पोहोचताच कोणीतरी म्हणेलच, ‘इथवर आलोच आहोत, तर वर जाऊन येऊ.’ दुर्ग सुमारे १,४७८ मीटर उंच आहे, वळणे अवघड आहेत आणि पायांत तोवर दीडशे किलोमीटर मुरलेले असतील. तो मोह घरीच, कागदावर मोडून ठेवावा. नंदीदुर्गासाठी वेगळा रविवार आहे.

तिसरी गोष्ट परतीच्या दाराची. चिक्कबळ्ळापूरला दोन वाजेपर्यंत न पोहोचणाऱ्याने पुढे जाऊ नये. तिथून बंगळूरसाठी बस मिळते. ही वेळ निघण्यापूर्वीच सर्वांसमक्ष ठरावी आणि घरीही कळवावी. थकलेल्या माणसाचा निर्णय त्याचा स्वतःचा नसतो; तो त्याच्या अभिमानाचा असतो. मागे राहिलेल्या सोबत्याला एकटे सोडू नये, हाही नियम तेव्हाच ठरवावा.

तयारीस तीन महिने पुरेत. आधी ६० किलोमीटर, मग १००, मग १५०, आणि शेवटच्या आठवड्यात विश्रांती. पन्नाशी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. सोबत दोन ट्यूब, पंप, पुढचा व मागचा दिवा, हेल्मेट आणि पाण्याच्या दोन बाटल्या असाव्यात. तहान लागण्याआधी प्यावे, भूक लागण्याआधी खावे. दर तासाला एक केळे हा साधा हिशेब कोलारच्या कोरड्या माळावर फार उपयोगी पडतो.

चिक्कबळ्ळापूर आणि नंदी यांच्या दरम्यान मुद्देनहळ्ळी लागते, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे जन्मगाव. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले आणि खडकवासला धरणावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीपलीकडे गेले, की ते आपोआप उघडत. धरणाची ताकद किती पाणी अडवले यावर जितकी, तितकीच वेळेवर किती सोडले यावर अवलंबून असते. आखणीचेही तसेच आहे.

या परिक्रमेत होसकोटे, कोलार आणि दोड्डबळ्ळापूर येतात. शिरा मात्र बाहेर राहते. मल्लेश्वरमहून ती वायव्येला सुमारे १२० किलोमीटर दूर आहे. १६६४ मध्ये शहाजीराजांनी देह ठेवला ते होदिगेरे तर त्याहूनही पुष्कळ लांब, चन्नगिरीजवळ. एवढा मुलूख एका दिवसात कवेत घेता येत नाही, हे कळणे हेच या सफरीचे पहिले फळ आहे. नकाशावर बोटभर दिसणारे अंतर पायांना कळले, की इतिहासातल्या माणसांच्या वाटचालीविषयी बोलताना जीभ थोडी सावध होते.

येत्या हिवाळ्यात निघणाऱ्यांपैकी काही जण चिक्कबळ्ळापूरहून बसने परततील. त्यांचेही स्वागत मल्लेश्वरममध्ये तितक्याच मानाने व्हावे. कारण शिरेची वाट धरायला दुसऱ्या वर्षी तेच सर्वांत आधी तयार असतील.